हाकेच्या अंतरावरची माणसं

माझ्या धाकट्या जावेनं मला उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

सकाळची वेळ. आम्ही दोघी मधाच्या खोलीत होतो. मधमाश्यांच्या पेट्यांतून काढलेल्या चौकटी टेबलाला टेकवून ठेवल्या होत्या आणि ती गरम सुरीनं त्यांच्यावरचं मेण सोलत होती. ते काम तिचंच. त्याला हात हलका लागतो, आणि माझा हात हलका आहे असं माझ्या शत्रूनंही कधी म्हटलेलं नाही. मी मध काढायच्या पिंपाचा दांडा फिरवत होते. नुकतीच ती मला म्हणाली होती, "जाऊबाई, जरा दमानं. मध काढायचाय, विहीर नाही उपसायची."

मी म्हटलं, "विहीर उपसली असती तर पाणी तरी लागलं असतं. तुझ्या चौकटींतून येतंय काय? अर्धं मेण आणि अर्धी बडबड."

एवढ्यावर ती मला सोडणार? सगळा जन्म एका घरात काढलाय आम्ही. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही आम्हाला एकमेकींच्या गळ्यात बांधून सुटले. तिला मूलबाळ नाही, माझा मुलगा तिच्याच मांडीवर मोठा झाला, आणि ते ऐकवायची संधी तिनं कधी सोडली नाही. माझा शेवटचा शब्द तिनं आजवर शेवटचा राहू दिलेला नाही. पण खोलीत नुसती खिडकीवरच्या माश्यांची गुणगुण. मी मान वळवली. सुरी जमिनीवर पडली होती, आणि ती डाव्या हातानं आपलाच उजवा हात उचलून बघत होती. दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याकडे राहून गेला असावा, तशी.

"काय ग? काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तोंड एका अंगाला उतरलं होतं, दोरीवरून ओलं कापड घसरतं तसं. काहीतरी म्हणाली. त्यात शब्द नव्हता, नुसता लगदा.

मी सुनेला हाक मारली. ती परसात होती, धावत आली. शाळा पुरी केलेली मुलगी आहे, फोनवर आरोग्याचं काय काय बघत बसते. मी त्यावरून तिला पुष्कळ बोललेय.

"काकू, हसून दाखवा बरं," ती म्हणाली.

"अग, तिच्यावर वेळ काय आणि तू तिला हसायला काय सांगतेस?"

"आई, तुम्ही गप्प बसा. काकू, दोन्ही हात वर करा."

सासूला गप्प बसा म्हणाली. एरवी त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला असता. पण धाकटीचा एकच हात वर आला, आणि सुनेचा चेहरा मेणासारखा झाला. मी पाण्याचा पेला तिच्या ओठाशी नेला तर सुनेनं तो हिसकावूनच घेतला. "पाणीसुद्धा नाही! श्वासात जाईल. आई, हा मेंदूचा झटका आहे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता. एक इंजेक्शन असतं. ते सुरुवातीच्या थोड्या तासांतच देतात. वेळ गेली की मग देतच नाहीत."

"देत नाहीत म्हणजे? मागितलं तरी?"

"मागून काय करता? वेळ गेली म्हणजे गेली."

पुढचं कळायला आमची जागा कळायला हवी. आमची वस्ती डोंगराच्या एका अंगावर आणि मोटारीचा रस्ता समोरच्या डोंगरावर. मध्ये दरी, तळाला ओढा. हवा मोकळी असली की पलीकडच्या चहाच्या टपरीवर बशी फुटलेली आम्हाला ऐकू येते. इकडून हाक घातली की तिकडून ओ येते. म्हणून आमच्याकडे कुणी विचारलं, तुम्ही राहता कुठं, तर लहानथोर सगळ्यांचं एकच उत्तर: रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मुलीच्या बापाला तेच, मधाच्या व्यापाऱ्याला तेच, नव्या मास्तरला तेच. त्यात खोटं काही नाही. हाक पोचते. माणसाला पोचायचं तर दरी उतरायची, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा तेवढंच चढायचं. धडधाकट माणसाची अर्धी सकाळ त्यात जाते. पण ते कुणी विचारतं का? आणि आपणहून कोण सांगतं? 'लांब' हा शब्द आमच्यात शिवीसारखा आहे. लांबच्या घरी कुणी मुलगी देत नाही, लांबच्या मधाला कुणी धड भाव देत नाही.

आमच्या घरी फोन लागतो तो अंगणातल्या धुण्याच्या दगडावर उभं राहिलं तरच. सून दगडावर चढली, ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला. पलीकडून एक बाई प्रश्नावर प्रश्न विचारत होती आणि ही अडखळत होती. "हो, रस्ता समोर दिसतो... नाही, तसं नाही... म्हणजे दिसतो, पण..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडे धाकटीच्या तोंडातून लाळ गळतेय आणि हिचं पण-पण चाललंय. मी हात धरून तिला खाली घेतलं, स्वतः दगडावर चढले, फोन कानाला लावला.

"हॅलो," बाई म्हणाली, "घर रस्त्यापासून किती लांब आहे?"

"लांब कशाला असेल? हाकेच्या अंतरावर."

"म्हणजे जवळच ना? मला इथं स्क्रीनवरही रस्त्याला लागूनच दिसतंय."

"जवळच."

"ठीक आहे. गाडी निघतेय. पेशंटला रस्त्यावर आणून ठेवा."

फोन बंद झाला. सुनेनं दोन्ही हात डोक्याला लावले. "आई! दरीचं सांगायचं होतं ना!"

"एवढी मोठी दरी, त्यांच्या स्क्रीनवर दिसत नाही होय?"

"नाही दिसत! त्यात सगळं सपाट असतं!"

तिनं पुन्हा नंबर फिरवला. रेंज गेली होती. दगडावर टाचा उंचावून उभी राहिली, फोन आभाळात धरला, काही नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला काही सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची मला सवय नाही.

एवढ्यात मुलगा आला, शेजारचा ढोल्या आला. ढोल्या हे त्याचं नाव नव्हे, माप आहे. मधाच्या पेट्या रानातून आणायला आमच्याकडे दोन दांड्यांची डोली असते. तिच्यावरची पेटी काढली, वाकळ घातली, धाकटीला बसवलं आणि कमरेशी दोरीनं बांधलं. एवढं होतंय तोच समोरच्या डोंगरावर भोंगा वाजला. गाडी आली. वेळेवर आली हो, कुणाला दोष देणार? टपरीपाशी पांढरी गाडी उभी राहिली, काडेपेटीएवढी, आणि भोंगा बंद झाला.

"पेशंट कुठंय?" ड्रायव्हरचा आवाज आला.

मी बांधावर गेले. "इथं! बांधतोय तिला! येतोय!"

"इथं म्हणजे कुठं?"

मी खांद्यावरची शाल काढून हलवली. मग तो बोलला, मला नव्हे, बरोबरच्या नर्सला, पण आमची दरी काही पोटात ठेवत नाही. "आयला! त्या तिथं?"

मग मला ओरडून, "आजी, हे जवळ आहे होय?"

"तुला ऐकू येतंय की नाही?"

"येतंय!"

"मग जवळच!"

"अहो आजी, मला हाकेवर गाडी चालवता येत नाही! पेशंट रस्त्यावर नसेल तर मला दुसऱ्या कॉलला जावं लागतं. खरं काय ते सांगा. यायला वेळ लागेल?"

माणसं दारांत येऊन उभी राहिली असणार, इकडची आणि तिकडचीही. त्या तिकडच्या घरांतल्याच एका घरात माझ्या नातीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पोरीचं माहेर अगदी हाकेच्या अंतरावर, असं मीच त्यांच्या अंगणात बसून सांगितलं होतं. दरी त्यांनाही दिसतच होती, पण 'लांब' कुणीच म्हटलं नव्हतं.

"आई, सांगा ना," सून मागून म्हणाली.

मी डोलीकडे बघितलं. धाकटीचा एक डोळा माझ्यावर होता. दुसरा अर्धा मिटलेला. तिच्या हाताला मध लागला होता आणि दोन माश्या त्या हातावर फिरत होत्या. ती हात हलवत नव्हती.

"लांब आहे!" मी ओरडले. छातीतलं सगळं वारं घालून ओरडले. "आम्ही लांब राहतो! फार लांब! थांब रे बाबा!"

ड्रायव्हर गाडीतल्या यंत्रावर कुणाशी तरी बोलत राहिला. त्याचं बोलणं संपेना. इकडे ढोल्यानं आणि मुलानं डोली उचललीसुद्धा. शेवटी हाक आली, "थांबतोय! आणि आम्ही स्ट्रेचर घेऊन ओढ्यापर्यंत उतरतो! तुम्ही निघा!"

सून म्हणाली, तुमचे गुडघे, तुम्ही नका जाऊ. मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, तुझ्या माहेरून नाही आणलेले. आणि निघाले.

ती वाट मी लग्न होऊन आले तेव्हापासून उतरतेय. कुठला दगड हलतो, कुठं कड घसरते, डोळे मिटून सांगेन. पण त्या दिवशी ती वाट कुणी ओढून ताणून ठेवल्यासारखी झाली. एक वळण उतरावं तो खाली आणखी एक. ढोल्या पुढं, मुलगा मागं. उतारावर पुढच्यानं दांडी खांद्याला आणि मागच्यानं कमरेला धरायची, म्हणजे बसलेला माणूस सरळ राहतो. पण पेटी मान टाकत नाही, माणूस टाकतो. धाकटीची मान एकसारखी उजवीकडे कलायची. मी बाजूनं चालत ती हातानं उचलून धरत होते. वाट अरुंद झाली की मला मागं पडावं लागे आणि मान पुन्हा लुळी पडे. त्या दोन माश्या आमच्याबरोबरच उतरत होत्या.

तिला झोपू देऊ नये असं मला वाटलं. खरं की खोटं ठाऊक नाही, पण मी बोलत राहिले. "राणीसारखी बसलीयेस. मी पायी आणि तू डोलीत. तुझ्या लग्नात नव्हती एवढी बडदास्त." काही नाही. "मुलाचा खांदा दुखावला तर बघ हं." काही नाही. मुलगा म्हणाला, "आई, काकूला त्रास नको देऊस." मी म्हटलं, "तू वाट बघ, वाट."

मी सूर्याकडे बघत होते. सकाळी ऊन मधाच्या खोलीच्या उंबऱ्यावर होतं. आता ते समोरच्या कड्याच्या खांद्यावर चढलं होतं. थोडे तास म्हणजे किती? अर्धे गेले असतील? आणि ते इंजेक्शन कुठल्या बाटलीत, कुठल्या कपाटात असेल, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असेल?

ओढ्याच्या वरच्या घसरणीवर ढोल्याचा पाय सुटला. तो बसला तो थेट खालीच, पण दांडी त्यानं खांद्यावरून ढळू दिली नाही. उठला तेव्हा कोपरातून रक्त वाहत होतं. "पाणी आलं की धुतो," म्हणाला आणि चालू लागला.

ओढ्यापाशी ड्रायव्हर आणि नर्स पोचले होते. शहरी बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. नर्स लहानच होती, नातीएवढी. तिनं धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला, डोळ्यांत उजेड टाकून बघितला.

"आजी, या शेवटच्या ठीक कधी होत्या? नीट आठवून सांगा, फार महत्त्वाचं आहे."

"आठवायचं काय त्यात? मला टोमणा मारला तेव्हा अगदी ठणठणीत होती. मी उलट बोलले आणि पुढचं वाक्य तिचं आलंच नाही."

"नक्की? आधीपासून काही नव्हतं?"

"बाई, हिचा एखादा टोमणा चुकला तर मला कळणार नाही, असं व्हायचं नाही. ऊन उंबऱ्यावर होतं तेव्हाची गोष्ट."

नर्सनं घड्याळात बघितलं, मनाशी काही हिशोब केला आणि ड्रायव्हरला नुसतं म्हणाली, "चला लवकर." ते 'लवकर' मला आवडलं नाही.

चढणीवर चौघांनी स्ट्रेचर धरलं. मी मागं पडले. गुडघ्यांनी नाही म्हटलं, तर मी हातांनी चढले, झुडपं धरून धरून. वर पोचले तेव्हा गाडीचं दार उघडं ठेवून सगळे माझ्यासाठी थांबले होते. टपरीवाला पाणी घेऊन पुढे आला, ते प्यायलाही मी थांबले नाही.

गाडी सुटल्यावर पुढून ड्रायव्हर म्हणाला, "आजी, एक सांगू? फोनवर लांब म्हणाला असता ना, तर वरच्या पुलावरून जीप आली असती. ती कच्च्या वाटेनं तुमच्याच बाजूला येते, पार वस्तीच्या वरच्या कड्यापर्यंत. उचलायला माणसं असतात तिच्यात. कधीच पोचला असता. मी तिथून मागितली तोवर ती दुसरीकडे गेली होती."

"मग ती आधीच का नाही पाठवली?"

"जवळच्यांना नाही पाठवत."

मुलानं मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघत बसले. वाटेत एक दवाखाना लागला, गाडी थांबली नाही. "इथं मेंदूचा फोटो काढायचं मशीन नाही," नर्स म्हणाली. पुढं मोठं गाव लागलं, तिथंही थांबली नाही. "इथं मशीन आहे, पण फोटो बघून सांगणारे डॉक्टर नाहीत." धाकटीचा डावा हात माझ्या हातात होता. त्याची पकड होती. उजव्या हाताचं मी बघितलंच नाही.

हॉस्पिटलात तिला पळवतच आत नेलं. मी दाराबाहेर. दार काचेचं, पण काच दुधासारखी, आतलं काही दिसू नये अशी. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात कागद.

"तुमचं घर रस्त्याला लागून आहे असं लिहिलंय. मग एवढा वेळ कुठं घालवलात? लोक घरगुती उपाय करत बसतात आणि मग..."

"उपाय नाही केले. दरी उतरत होतो."

"कुठली दरी?"

मुलानं सांगितलं. शांतपणे, सगळं. बाईंनी कागद खाली केला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, किती वेळ उभ्या असतील कोण जाणे. "इंजेक्शनची वेळ टळून गेली, आजी. फार नाही, थोडीच. पण आता दिलं तर आत रक्तस्राव होईल. जिवाला आता तितका धोका वाटत नाही. हात, पाय आणि बोलणं... बघू."

"थोडी म्हणजे किती थोडी?"

त्यांनी कागदाची घडी घातली आणि आत गेल्या. सांगू नये असंच असेल ते.

धाकटीला ज्या खोलीत ठेवलं तिथं शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांनाही झटकाच आला होता, तोच, त्याच अंगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि आपल्या पायांनी चालत न्हाणीघरात गेले. परत आले, चष्मा लावला, पेपर उघडला. त्यांची बायको सफरचंद कापत होती. म्हणाली, "आम्ही इथंच राहतो हो, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. यांचा हात लुळा पडला आणि मी तशीच रिक्षात घालून आणलं. देवाची कृपा."

"देवाची नाही," मी म्हटलं, "गल्लीची."

बाईची सुरी थांबली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं खाटेवरच्या धाकटीकडे बघितलं, तिच्या त्या वाकड्या तोंडाकडे, आणि सफरचंदाची एक फोड माझ्या हातात ठेवली. मी ती कितीतरी वेळ तशीच धरून बसले.

मग व्यायाम शिकवणारा आला. हात धरायचा, बोटं उघडायची, मिटायची. पाय उचलायचा, ठेवायचा. खाटेवरून उतरायचं तेही लुळ्या अंगानंच, म्हणजे ते अंग जागं होतं. रोज करायला हवं, तो म्हणाला, निदान सुरुवातीचे महिने, आणि शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. बोलायला शिकवणारी बाई वेगळी. तीही इथंच.

मुलगा मला बाहेर घेऊन गेला. "आई, काकूला घरी नेऊ. फोनवर व्यायाम दाखवतात, तुझी सून करून घेईल."

"धुण्याच्या दगडावर?"

त्यानं खिशातला फोन काढला आणि परत ठेवला.

"आठवड्यातून एकदा तरी दरी उतरवून आणशील तिला? डोलीत? पावसात?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

मी कमरेच्या किल्ल्या काढल्या. मधाच्या खोलीची, धान्याच्या कोठीची, कपाटाची. सासू गेल्यापासून त्या माझ्या कमरेवरून उतरल्या नव्हत्या. न्हातानाही मी त्या नजरेसमोर ठेवायचे. त्याच्या हातावर ठेवल्या. "बायकोला दे. म्हणावं, धाकटीइतकं पातळ मेण तिला जमणार नाही, पण जमेल तसं सोल. आणि नातीच्या होणाऱ्या सासरच्यांनी काही विचारलं तर खरं सांग. नाही पटलं तर ते त्यांच्या घरी, आपण आपल्या."

"आई, तू इथं राहणार? शहरात?"

"मग काय तिला एकटीला ठेवू? तिला इथं कुणाशी भांडता येणार आहे?"

धाकटीला सांगितलं तेव्हा तिनं डाव्या हातानं पांघरूण ओढून काढलं आणि खाटेच्या कडेला सरकू लागली. घरी जायचं होतं तिला. तोंडातून एकच आवाज काढत होती, पुन्हा पुन्हा, आणि डोळ्यांतून पाणी. नर्सनं आणि मी मिळून तिला धरलं. ती मला ढकलत होती. ढकलायला तिच्याकडे एकच हात होता, तरी पुरेसा लागला मला. मी हटले नाही. काय करणार? तिला विचारून केलं असतं तर ते तिनं होऊ दिलं नसतं, आणि न विचारता केलं म्हणून ती माझं तोंड बघणार नाही. चालेल. तोंड न बघता हात उचलला तरी मला चालेल.

खोली सफरचंदवाल्या बाईनंच दाखवली, त्यांच्याच गल्लीत, तळमजल्यावर. एक खाट, एक टेबल, भिंतीला ओल. दारातून उजवीकडे बघितलं की हॉस्पिटलचं मागचं फाटक. घरमालकीण बारीक, चटपटीत बाई. तिनं नळ सोडून दाखवला, दिवा लावून दाखवला.

"किती दिवस राहणार?"

"ती आपल्या हातानं जेवेपर्यंत."

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाईट नव्हती, हिशेबी होती. "आणि नाही जेवली तर?"

मी तिच्या हातातून किल्ली घेतली आणि खाट कुठल्या भिंतीला लावली म्हणजे धाकटीला उजव्या अंगानं उतरावं लागेल, ते बघू लागले.